दूर राहिलेल्यांचे मत

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



हीरक महोत्सव म्हणजे एकत्र येण्याचा सोहळा. साठ वर्षांत या शाळेच्या दारातून बाहेर पडलेली मुले आज कोणकोणत्या गावी, कोणकोणत्या देशी नांदत आहेत, याची मोजदाद अवघड आहे. त्यांतील काही आज या सभागृहात आहेत, बहुतेक नाहीत. अशा वेळी एक प्रश्न सहज मनात येतो. जो दूर आहे, तो सभेत सहभागी असतो का? आणि जो सभागृहात खुर्चीवर बसलेला आहे, तो तरी नुसत्या बसण्याने सहभागी होतो का?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आजच्या व्याख्यानात एका जगद्व्यापी संघाच्या सभेचे उदाहरण घेतले आहे. कॅथलिक पंथातील धर्मव्रती पुरुषांचा हा संघ ‘येशू संघ’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या सभासदांना जेज्विट म्हणतात. भारतातील अनेक शहरांत ‘सेंट झेवियर’ या नावाच्या शाळा आणि महाविद्यालये आहेत, त्यांतील पुष्कळशा या संघाने चालविलेल्या आहेत. आज या संघात जगातील इतर कोणत्याही देशापेक्षा भारतीयांची संख्या अधिक आहे. या संघाची जी आंतरराष्ट्रीय महासभा रोम येथे भरते, तिच्यात सहभागी होणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले तर ते कोणत्याही संस्थेला, विशेषतः शाळेला, उपयोगी पडेल.

आरंभ अगदी लहान होता. १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसमधील माँमार्त्र टेकडीवरील एका प्रार्थनास्थळी सात विद्यार्थ्यांनी एकत्र व्रत घेतले. इग्नेशियस लॉयोला हे त्यांतील वयाने वडील, पूर्वायुष्यात सैनिक. लढाईत पाय जायबंदी झाल्यावर त्यांचे आयुष्य पालटले होते. फ्रान्सिस झेवियर हे त्यांचे वसतिगृहातील सोबती. पुढे सातांचे दहा झाले आणि २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल यांनी या संघाला मान्यता दिली. संघ झाला म्हणजे प्रमुख हवा. प्रमुख निवडायचा म्हणजे सर्वांनी एकत्र यायला हवे. परंतु तोपर्यंत हे दहा जण पांगले होते. रोममध्ये उरले होते केवळ सहा.

झेवियर तर मार्च १५४० मध्येच रोम सोडून गेले होते. पोर्तुगालच्या राजाने भारतासाठी माणसे मागितली होती. ज्याला पाठवायचे ठरले होते तो सोबती आजारी पडला आणि ऐनवेळी झेवियर यांना निघावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली. प्रमुखाची निवड होईल तेव्हा आपण तेथे नसणार, हे ओळखून त्यांनी आपले मत कागदावर लिहिले, तो कागद मोहोरबंद केला आणि सोबत्यांच्या हाती ठेवला. त्या कागदावर इग्नेशियस यांचे नाव होते.

एप्रिल १५४१ मध्ये रोममधील सहा जण एकत्र बसले. त्यांनी आधी तीन दिवस प्रार्थना केली, मग प्रत्येकाने एकांतात आपले मत लिहिले. मते मोहोरबंद करून एका पेटीत ठेवली आणि ती पेटीही लगेच उघडली नाही. मधे आणखी तीन दिवस जाऊ दिले. ८ एप्रिल रोजी पेटी उघडली. दूर असलेल्यांपैकी ज्यांची मते हाती होती ती याच वेळी वाचली गेली. आता तारखांचा योगायोग पाहावा. झेवियर यांचे जहाज लिस्बनहून भारताकडे निघाले ते ७ एप्रिल १५४१ रोजी. तो त्यांचा पस्तिसावा वाढदिवस होता. म्हणजे जहाजाने किनारा सोडला आणि दुसऱ्याच दिवशी रोममध्ये त्यांचा लिफाफा फोडला गेला. माणूस समुद्रावर होता, मत मात्र सभेत हजर होते.

सर्वांनी इग्नेशियस यांना निवडले. एकट्या इग्नेशियस यांनी स्वतःचे नाव वगळून बाकीच्यांपैकी ज्याला अधिक मते मिळतील त्याला आपले मत दिले होते. त्यांनी निवड स्वीकारण्यास नकार दिला. आपण या कामास योग्य नाही, पुन्हा विचार करावा, असे त्यांनी सोबत्यांना विनविले. १३ एप्रिलला पुन्हा मते घेतली, निकाल तोच. तरीही त्यांचे समाधान होईना. ते रोममधील एका टेकडीवरच्या फ्रान्सिस्कन मठात आपल्या कबुलीगुरूंकडे गेले, तीन दिवस त्यांच्यापुढे आपल्या सगळ्या आयुष्याचा पाढा वाचला आणि निर्णय त्यांच्यावर सोपविला. गुरूंनी ‘पद स्वीकारा’ असे सांगितले, तेव्हा १९ एप्रिल रोजी त्यांनी ते स्वीकारले. पदाकडे धावत जाणारी माणसे सर्वांनीच पाहिलेली आहेत. पदापासून इतक्या चिकाटीने दूर पळणारा माणूस विरळा. पण पळतानाही त्यांनी सभेचा अव्हेर केला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ‘पाचामुखी परमेश्वर’ ही आपल्याकडची म्हण त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिचा अर्थ मात्र त्यांनी आचरणात आणला.

झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. प्रवासाला तेरा महिने लागले होते. त्या काळी लिस्बनची जहाजे वर्षातून एकदाच वाऱ्याचा हंगाम धरून येत. पत्र गेले आणि त्याचे उत्तर आले, एवढ्यात वर्षे सरत. गोव्याहून ते दक्षिणेच्या कोळी वस्त्यांत गेले, मलाक्केला गेले, पुढे मोलुक्का बेटांवर गेले. मे १५४६ मध्ये अंबोइना बेटावरून लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक हृद्य गोष्ट सांगितली आहे. सोबत्यांची जी पत्रे येत, त्यांवरील त्यांच्या हातच्या सह्या त्यांनी कापून घेतल्या होत्या आणि त्या सह्यांचे कपटे, आपल्या व्रताच्या मजकुरासह, ते सदैव स्वतःजवळ बाळगीत. ज्याला कोणत्याही सभेला जाता येणार नव्हते, त्याने सारी सभाच गळ्याशी बांधून घेतली होती.

येथे इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण शाळेत अर्धा इतिहास शिकविणे हा विद्यार्थ्यांवर अन्याय आहे. त्याच अंबोइना बेटावरून, त्याच मे महिन्यात, झेवियर यांनी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायसभेची, मागणी केली. ती त्यांच्या मृत्यूनंतर १५६० मध्ये स्थापन झाली आणि तिने गोव्यातील लोकांना, तेथील भाषेला आणि चालीरीतींना जो जाच दिला, त्याच्या आठवणी अजून पुसलेल्या नाहीत. मित्रांच्या सह्या हृदयाशी धरणारा हात आणि ती मागणी लिहिणारा हात एकच होता. थोर माणसांचे चरित्र वाचताना ही दोन्ही पाने वाचावी लागतात. ज्यांच्यासाठी निर्णय होतो त्यांचा आवाज निर्णयाच्या जागी पोहोचला नाही, तर सद्भावनेचा माणूसही किती मोठी चूक करू शकतो, याचे हे उदाहरण आहे. म्हणूनच ‘सहभाग’ या शब्दाला एवढे वजन आहे.

पुढे जून १५५३ मध्ये इग्नेशियस यांनी झेवियर यांना युरोपात परत बोलावणारे पत्र लिहिले. ते पत्र लिहिले गेले तेव्हा झेवियर यांना जाऊन सहा महिने उलटले होते. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर त्यांचे निधन झाले होते. रोमला त्याची वार्ता नव्हती. त्यांचा देह आज जुन्या गोव्यातील बॉम जिझस चर्चमध्ये आहे.

इग्नेशियस १५५६ मध्ये वारले. त्यानंतर पहिली महासभा भरायला दोन वर्षे लागली, कारण पोप आणि स्पेनचा राजा यांच्यात युद्ध जुंपले होते आणि स्पेनमधील सभासदांना रोमला येता येत नव्हते. १५५८ मध्ये ती सभा भरली. तेव्हापासून २०१६ पर्यंत, साडेचारशेहून अधिक वर्षांत, अशा महासभा किती झाल्या? केवळ ३६. ज्या शाळांतून दर आठवड्याला एक बैठक होते, त्यांना हा आकडा वाचून हेवा वाटेल! महासभा वारंवार भरवू नये, असे संघाच्या मूळ घटनेतच सुचविले आहे. प्रमुखाची निवड करावयाची असेल किंवा तसाच महत्त्वाचा प्रश्न उभा राहिला असेल, तरच ती बोलवावी. सभा दुर्मीळ असली की माणसे तयारीने येतात.

ही तयारी कशी होते? प्रत्येक प्रांतात आधी प्रांतसभा होते. तेथून प्रतिनिधी निवडले जातात. कोणाही सभासदाला, तो कितीही दूरच्या खेड्यात असो, महासभेपुढे आपली सूचना लेखी मांडण्याचा अधिकार आहे. मात्र एक मेख आहे. प्रतिनिधी आपल्या प्रांताकडून निवडला जातो, पण सभागृहात पाऊल टाकल्यावर तो प्रांताचा वकील राहत नाही. प्रांताचा अनुभव त्याने आणावा, प्रांताचा हट्ट आणू नये. निर्णय करताना त्याच्या डोळ्यांसमोर सारा संघ असावा. हे सांगायला सोपे आणि करायला कठीण आहे. पालकसभेत आपल्याच मुलाचा विचार बाजूला ठेवून साऱ्या वर्गाचा विचार करणे किती अवघड असते, हे पालकांना ठाऊक आहे.

छत्तिसावी महासभा २ ऑक्टोबर २०१६ पासून १२ नोव्हेंबर २०१६ पर्यंत रोममध्ये भरली. साठांहून अधिक देशांतून आलेले २१२ मतदार प्रतिनिधी तेथे होते. त्यांच्या पाठीशी जगभर विखुरलेले सोळा हजारांहून अधिक सभासद होते. एकेकाळी या सभांचे कामकाज लॅटिनमध्ये चाले. आता कानाला यंत्र लावून दुभाष्यांकरवी ऐकावे लागते. आरंभीच्या उपासनेचे पौरोहित्य रिवाजानुसार दुसऱ्याच एका संघाच्या, म्हणजे डॉमिनिकन संघाच्या, प्रमुखांनी केले. घरच्या कार्याचा मान शेजाऱ्याला द्यावा, तशी ही रीत. अडोल्फो निकोलास हे तेव्हाचे प्रमुख. त्यांचे बहुतेक आयुष्य जपान आणि फिलिपीन्समध्ये गेले होते. वयाची ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर त्यांनी पद सोडण्याची अनुज्ञा मागितली आणि सभेने ती दिली. आता नवा प्रमुख निवडावयाचा होता.

या निवडणुकीत उमेदवार नसतो. अर्ज नाही, प्रचार नाही, भाषण नाही, जाहीरनामा नाही. कोणी हे पद मिळविण्याची खटपट करतो आहे असे कळले, तर ते वरिष्ठांच्या कानावर घालणे हे प्रत्येकाचे कर्तव्य असते, आणि खटपट सिद्ध झाली तर त्या माणसाचा मत देण्याचा आणि निवडून येण्याचाही हक्क जातो. मग जगाच्या दोन टोकांहून आलेली, एकमेकांना न ओळखणारी माणसे निवड कशी करतात?

त्यासाठी मतदानापूर्वीचे चार दिवस राखून ठेवलेले असतात. या चार दिवसांना लॅटिनमध्ये ‘मुर्मुरात्सिओ’ म्हणतात. मराठीत त्याचा अर्थ कुजबुज. आपल्याकडे कुजबुज या शब्दाला चांगला वास नाही. शिक्षकदालनातील कुजबुज, लग्नमांडवातील कुजबुज, म्हणजे कोणाच्या तरी पाठीमागे चाललेली निंदा. रोममधील कुजबुजीचे नियम मात्र वेगळे आहेत. बोलणे दोघांतच व्हावे. घोळका करू नये. एकाने दुसऱ्याला एखाद्या व्यक्तीविषयी विचारावे आणि दुसऱ्याने जे स्वतः अनुभवले असेल तेवढेच सांगावे: ही व्यक्ती संकटात कशी वागते, दुर्बळांशी कशी बोलते, तिची प्रकृती कशी आहे, तिच्यात उणे काय आहे. ‘याला मत द्या’ असे कोणी कोणाला म्हणू नये. या चार दिवसांत बाकीचे कामकाज बंद असते. वेळ जातो तो प्रार्थनेत आणि अशा संभाषणांत. सकाळी ज्या गृहस्थाविषयी खात्री वाटत होती, त्याच्याविषयी संध्याकाळपर्यंत मन बदलू शकते, आणि ते बदलू देणे हेच या पद्धतीचे मर्म आहे. निंदेची कुजबुज आणि ही कुजबुज यांत आवाजाचा फरक नाही, हेतूचा आहे.

पाचव्या दिवशी, १४ ऑक्टोबर रोजी, सभासद सभागृहात जमले. जुन्या घटनेत तर असे म्हटले आहे की, निवड होईपर्यंत मतदारांना आत कोंडून घ्यावे आणि भाकरी-पाण्याखेरीज काही देऊ नये. मतदानापूर्वी सर्वांनी दीर्घ वेळ मौनात घालविला. मग प्रत्येकाने एक नाव स्वतःच्या हाताने लिहिले. व्हेनेझुएलाचे आर्तुरो सोसा निवडून आले. राज्यशास्त्राचे हे अभ्यासक संघाचे एकतिसावे प्रमुख आणि युरोपबाहेरून आलेले पहिलेच. १५४१ मध्ये ज्या संघाने आपली माणसे दूरदेशी धाडली, त्या संघाने पावणेपाचशे वर्षांनी दूरदेशीचा माणूस प्रमुखपदी बसविला. बाहेर वार्ता जाण्यापूर्वी नाव प्रथम पोप यांना कळविण्याची रीत आहे. पोप फ्रान्सिस हे स्वतः याच संघातले, त्या संघातून झालेले पहिले पोप. २४ ऑक्टोबरला त्यांनी सभेला आपल्याकडे बोलावले नाही. ते स्वतः सभेकडे आले, प्रतिनिधींबरोबर प्रार्थनेला बसले आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली.

या सभेची आणखी एक गोष्ट शाळेने ध्यानात ठेवावी अशी आहे. येशू संघात पुरोहित असतात, तसे ‘ब्रदर’ही असतात. ब्रदर पौरोहित्य करीत नाहीत. स्वयंपाकघर, शेती, सुतारकाम, रुग्णसेवा, हिशेब, मुद्रणालय, संस्थेचे दार, अशी कामे त्यांनी पिढ्यान्पिढ्या सांभाळली. प्रमुखाच्या निवडीत मत मात्र त्यांना नव्हते. २०१६ च्या महासभेत काही ब्रदर प्रथमच मतदार म्हणून बसले. साडेचारशे वर्षे लागली, पण दार उघडले.

दाराचा उल्लेख झाला म्हणून एका दरवानाची कथा. स्पेनच्या मायोर्का बेटावर या संघाचे एक महाविद्यालय होते. अल्फोन्सस रॉड्रिग्ज नावाचे एक ब्रदर चाळीसहून अधिक वर्षे तेथे दरवान होते. व्यापार बुडालेला, पत्नी आणि मुले वारलेली, शिक्षण अर्धवट राहिलेले असा हा माणूस. दार वाजले की येणाऱ्यात देव पाहायचा आणि उघडायला जायचे, एवढीच त्यांची साधना. तेथे शिकणारा पीटर क्लेव्हर नावाचा एक तरुण संध्याकाळी त्यांच्याजवळ येऊन बसे. दक्षिण अमेरिकेत जा, तेथे तुझी गरज आहे, असे दरवानाने त्याला सुचविले. तो गेला आणि कार्ताहेना बंदरात उतरविल्या जाणाऱ्या आफ्रिकी गुलामांची सेवा करण्यात त्याने सारे आयुष्य वेचले. १५ जानेवारी १८८८ रोजी त्या दोघांना, दरवानाला आणि विद्यार्थ्याला, एकाच दिवशी संतपद घोषित झाले. विद्यार्थ्याच्या आयुष्याला वळण देणारा शब्द वर्गातूनच येतो असे नाही. तो फाटकावरूनही येतो. ज्या शाळेत शिपाईमामा आणि मावशी यांना सभेत खुर्ची मिळत नाही, त्या शाळेने या कथेचा विचार करावा.

सहभागाचा आणखी एक प्रकार आहे, तो मौनाचा. पेद्रो आरुपे हे १९६५ ते १९८३ या काळात संघाचे प्रमुख होते. तरुणपणी ते जपानमध्ये होते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हा ते शहराच्या सीमेवरील संघाच्या आश्रमात होते. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले होते; त्या तुटपुंज्या ज्ञानावर त्यांनी आश्रमाचे रुग्णालय केले आणि जळलेल्या माणसांची शुश्रूषा केली. १९७३ मध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे संघाच्या शाळांतील माजी विद्यार्थ्यांचे संमेलन भरले होते. तेथे त्यांनी ‘इतरांसाठी जगणारी माणसे’ घडविणे हे शिक्षणाचे ध्येय म्हणून मांडले, आणि आपल्या शाळांनी आजवर न्यायाची शिकवण पुरेशी दिली नाही, याची कबुलीही दिली. सुखवस्तू घरांतील अनेक माजी विद्यार्थी त्यावर रुष्ट झाले. शाळेच्या समारंभात शाळेची उणीव सांगायला धैर्य लागते. पुढील दोन वर्षांत बत्तिसावी महासभा भरली आणि श्रद्धेची सेवा व न्यायाचा पुरस्कार या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत, असे तिने ठरविले.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये थायलंडहून परतताना रोमच्या विमानतळावर आरुपे यांना पक्षाघात झाला. अनेक भाषा बोलणाऱ्या या माणसाची वाचा जवळजवळ गेली. सप्टेंबर १९८३ मध्ये तेहेतिसावी महासभा त्यांचा राजीनामा स्वीकारण्यासाठी भरली. संघाच्या इतिहासात पद सोडणारे ते पहिले प्रमुख. त्यांना सभागृहात आणले गेले. त्यांचा निरोपाचा संदेश दुसऱ्याने वाचून दाखविला, कारण त्यांना स्वतःला तो वाचता येत नव्हता. अठरा वर्षे ज्यांचा शब्द जगभर गेला, ते त्या दिवशी निःशब्द बसून होते. परंतु त्या सभेतील सर्वांत मोठा सहभाग कोणाचा, असे विचारले तर बोट त्यांच्याकडेच दाखवावे लागेल. त्यानंतर साडेसात वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. ५ फेब्रुवारी १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

आता एक रोखठोक प्रश्न. या महासभेत स्त्रिया नसतात. पुरुषांच्या संघाची सभा पुरुषांचीच असणार, हे नियमाने खरे. पण या संघाच्या शाळा-महाविद्यालयांत शिकविणाऱ्या आणि शिकणाऱ्या स्त्रिया असंख्य आहेत, आणि सभेच्या निर्णयांचे परिणाम त्यांच्यावरही होतात. १९९५ मध्ये भरलेल्या चौतिसाव्या महासभेने हा प्रश्न स्वतःच हाती घेतला. समाजातील आणि चर्चमधील स्त्रियांच्या स्थितीवर तिने एक स्वतंत्र ठराव केला. स्त्रियांवरील अन्यायात आपलाही वाटा आहे, हे तिने मान्य केले, आणि सभासदांना पहिले सांगणे असे केले की, स्त्रियांचे म्हणणे आधी लक्षपूर्वक ऐका. उपदेशापूर्वी श्रवण, हा क्रम महत्त्वाचा आहे. ठराव झाला म्हणजे न्याय झाला असे नव्हे. कागदावरील शब्द वर्गात आणि कार्यालयात उतरायला पिढ्या जातात. तरीही जी सभा आपल्यात कोण नाही याचा विचार करते, ती निम्मी वाट चालून आलेली असते.

शेवटी पुन्हा दूर राहिलेल्यांकडे वळू. १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज येशू संघीय गोव्यास आले. पुढील चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, ते तेथेच राहिले. मायदेशी परतले नाहीत. साष्टीच्या खेड्यांत राहून त्यांनी लोकांची भाषा आत्मसात केली आणि १६१६ मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत आहे, आणि त्यात मराठी भाषेचा जो गौरव आहे तो अभ्यासकांच्या नित्य स्मरणात असतो. ज्या काळात राज्यकर्ते लोकभाषांकडे संशयाने पाहू लागले होते, त्या काळात एका परदेशी माणसाने ज्ञानोबांच्या ओवीचा छंद उचलावा, ही घटना लहान नाही. रोमच्या सभागृहात त्यांचे आसन नव्हते. पण लोकांशी त्यांच्या भाषेत बोलले पाहिजे, हे त्यांचे मत चारशे वर्षांनंतरही वाचता येते.

महाराष्ट्राच्या सीमेबाहेर मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालविणे हेही एक दूरचे मतच आहे. घराबाहेर पाऊल टाकले की वेगळी भाषा, बाजारात वेगळी, नोकरीत आणखी वेगळी. अशा गावात दरवर्षी जून महिन्यात काही पालक मुलाचे बोट धरून या शाळेच्या कार्यालयात येतात आणि प्रवेशअर्ज भरतात. अर्जाच्या तळाशी त्यांची सही असते. त्या सह्यांची संख्या पूर्वीइतकी राहिलेली नाही, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे आणि महोत्सवाच्या रोषणाईत ते झाकण्याचे कारण नाही. शाळेने पुढे कसे जावे, माध्यम, अभ्यासक्रम, इमारत यांविषयी काय करावे, याचे निर्णय लवकरच घ्यावे लागतील.

ते निर्णय घेताना चार गोष्टी करता येतील. घाईने हात वर करण्याआधी काही दिवस दोघादोघांनी प्रामाणिकपणे बोलावे. पाठीमागची कुजबुज सोडून समोरची कुजबुज करावी. जो बोलतो त्याने आपल्या गटापलीकडे साऱ्या शाळेचा विचार करावा. फाटकावर उभा राहणारा, घंटा देणारी, वर्ग झाडणारी यांनाही काय वाटते ते विचारावे. आणि जे दूर आहेत, त्यांना पत्र धाडून त्यांचे मत मागवावे. पुण्यात, मुंबईत, आखातात, अमेरिकेत असलेल्या एखाद्या माजी विद्यार्थिनीने दोन ओळी लिहून पाठविल्या, तर त्या सभेत मोठ्याने वाचल्या जाव्यात. शाळेच्या जुन्या प्रवेशपुस्तकात तिचे नाव आहे. त्या नावापुढे तिच्या वडिलांची सही आहे. ते पुस्तक कार्यालयाच्या कपाटात जपून ठेवलेले आहे. निर्णयाच्या दिवशी ते टेबलावर आणून ठेवावे, एवढीच विनंती.